व्हर्नला न दिसलेला वाघ

आमच्या ब्लॅकवुड फ्लॅट गावात वाघ न दिसलेला एकच माणूस होता, आणि नेमका तोच माझ्या बहिणीनं नवरा करून घरात आणला. व्हर्न पर्टन. ताडमाड उंच, कान एवढाले की टोपी त्यांच्यावरच अडकायची, आणि गाडी मागे घ्यायला जन्मात शिकला नाही. ट्रक चुकून घराच्या पुढे निघून गेला, तर हा पठ्ठ्या पुलापर्यंत जाऊन टेकडीला वळसा घालून परत यायचा, पण उलटा गिअर म्हणून टाकायचा नाही. "मागचं दिसत नाही, तिकडं कशाला जा?" म्हणायचा. कांदा सफरचंदासारखा चावून खायचा आणि चर्चमध्ये मोठ्यानं, मनापासून, भलत्याच सुरात गायचा.

आता वाघ म्हणजे आमचा वाघ हं, तुमच्या डोळ्यापुढे येतो तो नव्हे. कुत्र्याएवढं जनावर, कमरेवर काळे पट्टे, जाड ताठ शेपूट आणि पोटाला कांगारूसारखी पिशवी, तिच्यात पिल्लं. आमच्या आजोबा-पणजोबांनी मेंढ्या खातो म्हणून तो दिसेल तिथं मारला, सरकारनं वर बक्षिसं दिली, आणि होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातला शेवटचा मेला तेव्हा मी शाळेत होते. आमच्या घरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बटाट्यावर रोग पडला होता, सगळ्यांना त्याचीच काळजी.

होता तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही, आणि गेल्यावर मात्र अख्ख्या खोऱ्याला दिसायला लागला. लढाई संपली, पोरं घरी आली, आणि जो उठेल त्याला वाघ दिसे. दूधवाल्याला दिसला. चर्चच्या पाद्रीबाबांना सायकलवरून दिसला. पोस्टातल्या पायबसबाईंना खिडकीतून दिसला. बर्नीहून एक नळवाला संडासाचं काम करायला आला होता, त्याला दुसऱ्याच दिवशी दिसला, आणि तो मेला इथला रहिवासीसुद्धा नव्हता.

लायलच्या गुत्त्यात शेकोटीजवळ एक लांब बाक आहे. लायल मालक, मी तिथली स्वयंपाकीण. बाकाचा नियम लायलच्या वडिलांनी घातला: वाघ दिसला असेल त्यानंच बसायचं, बाकीच्यांनी दाराशी उभं राहायचं. दिसला म्हणणाऱ्यानं शनिवारी संध्याकाळी सफरचंदाच्या खोक्यावर चढायचं, सगळं सांगायचं, आणि लायल विचारायचा, "शेपूट कशी होती?" तो म्हणायचा, "ताठ." मग सगळ्यांनी पाय आपटायचे की झाला तो बाकावरचा. मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला माझी चूल होती, मला बाकाचं काय कौतुक?

पण दाराशी कसा वारा येतो हे तुम्हाला सांगून कळायचं नाही. आमच्याकडे पाऊस आडवा पडतो. दर वर्षी एकेक जण दारापासून बाकाकडे सरकत गेला, आणि शेवटी दाराशी उरला एकटा व्हर्न. आणि गंमत बघा, खोऱ्यात सगळ्यात जास्त जंगलात कोण, तर तोच. विजेच्या तारांखालची झाडं तोडायचं त्याचं काम. सोमवार ते शुक्रवार रानात, आणि थंडीत वॉलबीला, म्हणजे छोट्या कांगारूंना, फास लावायला शनिवारीसुद्धा रानात. त्याला सगळं दिसायचं. एकदा त्याला रस्त्यात उंट दिसला होता. गुत्त्यात सांगितलं तर लोक हसून हसून खाली पडले. मग सर्कसवाले उंट शोधत आले.

माझी बहीण डल्सी. तिचं लग्न झालं तेव्हा तिलाही वाघ दिसलेला नव्हता. सुरुवातीची वर्षं दोघं दाराशी एकाच कोटात गुंडाळून उभी राहायची, बघवत नसे अगदी. मग अठ्ठावन्न सालच्या थंडीत डल्सीला परसातल्या संडासाच्या दाराच्या फटीतून वाघ दिसला. शनिवारी खोक्यावर चढली, शेपूट ताठ म्हणाली, पाय आपटले, आणि जाऊन बसली शेकोटीपाशी.

मी तिला म्हटलं, "अगं, नवऱ्याला दारात टाकून?"

"त्याच्यासाठी मी काय जन्मभर गारठू?" ती म्हणाली. "त्यालाही दिसेल की. रानातच तर असतो मेला."

तिला वाटलं, फार तर दोन शनिवार. पोरगी मोठी झाली, तिचं लग्न होऊन ती अल्व्हरस्टनला गेली, तिला पोरं झाली, तरी आमचे मेहुणे दारातच. दर शनिवारी नवरा-बायको एकाच ट्रकमधून यायची, आत शिरली की ही उजवीकडे आणि तो तिथंच. मधे सगळं गाव. तो तिथून तिच्याकडे बघून ग्लास वर करायचा. ती इथून मान हलवायची. एखाद्या स्टेशनावर निरोप द्यायला आल्यासारखं, आणि गाडी काही सुटत नाही.

मग डल्सीचा खुबा गेला. डॉक्टर म्हणाला, पायऱ्या नकोत, ओल नको, आणि त्यांच्या घरात या दोनच गोष्टी होत्या. पोरगी म्हणाली, इकडे या. सफरचंदांचा हंगाम संपला की जायचं ठरलं. एक दिवस डल्सी माझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसली आणि सोलता सोलता थांबली.

"नॉरीन, मला एकच शनिवार पाहिजे," ती म्हणाली. "जायच्या आधी त्यानं माझ्या शेजारी बसावं. अल्व्हरस्टनला काय, घरात बसेलच. पण इथं, सगळ्यांच्या देखत."

"मग तू जाऊन उभी राहा त्याच्याजवळ."

"या खुब्यानं? पाच मिनिटांत पडेन मी."

तिच्या डोळ्यात पाणी होतं. कांदे मी चिरत होते, ती नाही. मला भारी वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, तसा आला. तशीच एप्रन न सोडता गेले. व्हर्न गुत्त्यामागं लाकडं उतरवत होता.

"व्हर्न, वाघ दिसला म्हण."

"दिसला असता तर म्हटलं असतं की."

"पाद्री म्हणतो. पाद्री."

"त्यांना दिसला असेल."

"अख्ख्या गावाला दिसतो, आणि रोज रानात असून तुला एकट्याला दिसत नाही, याचा अर्थ काय होतो रे?"

त्यानं ओंडका खाली ठेवला, विचार केला. विचार करायला लागला की त्याचे कान हलायचे.

"माझं नशीबच फुटकं, नॉरीन," तो म्हणाला. "मी पोचेपर्यंत तो गेलेला असतो."

आता या माणसापुढे डोकं फोडून उपयोग आहे का? मी आत येऊन लायलला म्हटलं, "हा काही खोटं बोलायचा नाही. याला वाघ दाखवायलाच पाहिजे." लायलनं ग्लास पुसायचा थांबवला. तेवढ्यात दारातून कॉलिन आला, आणि कॉलिनच्या मागून डचेस.

कॉलिन बटाटेवाला, बाकावर त्याची जागा पायबसबाईंच्या शेजारी. डचेस त्याची कुत्री, शर्यतीतून बाद झालेली, फिकट तांबूस, बारीक कमरेची, लांब तोंडाची. लायलनं तिच्याकडे पाहिलं. मी लायलकडे पाहिलं. कॉलिन म्हणाला, "काय झालं? का बघताय तिच्याकडे असं?"

गुरुवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर डचेसला उभी केली. पट्टे काढायला पहिल्यांदा मी रस्सा काळा करायचा मसाला घेतला, कारण तो हाताशी होता. ती मागं वळली आणि पट्टे चाटून खाल्ले. पुन्हा काढले, पुन्हा खाल्ले, आणि वर आणखी द्या म्हणून बघायला लागली. मग चुलीला लावायची काळी पॉलिश आणली. लायल म्हणे पट्टे तेरा, कॉलिन म्हणे सतरा, दोघांनी वाघ पाहिलेला, आणि दोघांचं भांडण. मी म्हटलं, "जागा असेल तेवढे काढते, गप्प बसा."

राहिली शेपूट. वाघाची जाड आणि ताठ. डचेसची म्हणजे बुटाची नाडी, सारखी हलणारी. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच म्हणतात. म्हणणाऱ्यांनी घालून बघितलं होतं का मला माहीत नाही, आम्ही घातलं. बागेला पाणी घालायच्या जुन्या नळीचा तुकडा होता, टोकाला पितळी तोटी. बरं राहिलं. फक्त आनंद झाला की ती सगळी नळी हलवायची आणि माझ्या दोन बशा गेल्या.

"लांबून बघितलं तर," लायल म्हणाला.

"डोळे बारीक केले तर," मी म्हटलं.

 कॉलिन मात्र दाराशी जाऊन तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अगदी तस्साच होता, नॉरीन. अंगावर काटा आला माझ्या."

बेत सोपा होता. व्हर्न दुपारी तारांच्या खालच्या वाटेवर एका ओंडक्यावर बसून डबा खातो. कॉलिननं गाडीतून डचेसला वरच्या अंगाला न्यायचं, मधल्या मोकळ्या पट्ट्यातून तिला पळवायचं आणि पलीकडून शीळ घालून बोलवायचं. व्हर्नला दिसणार पळता वाघ, लांबून, झाला शनिवार साजरा. पण कॉलिननं वाटेत लघवीला गाडी थांबवली, दार नीट लावलं नाही, समोरून एक वॉलबी गेली, आणि आमचा वाघ गेला तिच्यामागे.

तासाभरात गुत्त्याचं दार आपटलं. पाद्रीबाबा, कमरेपर्यंत चिखलात, एका पायात बूट. सायकल चरात पडली होती.

"लायल," ते म्हणाले, "वाघ. भर दुपारी. माझ्यापासून इतक्यावर."

लायलनं माझ्याकडे बघितलं. मी बटाट्यांकडे बघितलं. पाद्रीबाबांना ब्रँडी देतोय तोवर पायबसबाई पोस्ट उघडं टाकून आल्या. टपालाची पिशवी अजून हातातच. त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यापाशी वाघ, आणि खुराड्याला लागून ठेवलेला मांजरीचा दुधाचा वाडगा चाटूनपुसून स्वच्छ.

"काय तेज होतं हो त्याच्या तोंडावर," पायबसबाई म्हणाल्या. "रानटी. मी त्याच्या डोळ्यात बघितलं आणि मला कळलं, याला माणसाचा हात कधी लागलेला नाही."

सकाळी तासभर मी त्याच्या मागच्या अंगाला पॉलिश चोळत होते. पण काय बोलणार? बोललं तर बेत फुटतो. लायल म्हणाला, "शेपूट?" दोघंही एका सुरात म्हणाले, "ताठ." पाद्रीबाबा मधेच काहीतरी आणखी सांगणार होते, पण मग त्यांनी ब्रँडी पिऊन टाकली.

चार वाजता व्हर्नचा ट्रक टेकडीला वळसा घालून आला. त्याच्या शेजारी डचेस, ओली, लखलखीत, त्याच्या कोटात गुंडाळलेली, कॉर्न बीफचं सँडविच खात. मागोमाग कॉलिन, चेहरा पडलेला.

"कॉलिन, तुझी कुत्री माझ्याकडे आली होती," व्हर्न म्हणाला. "डबा उघडला की मांडीवर डोकं. अंगाला काहीतरी काळं लागलं होतं तिच्या, ओढ्यावर धुतली. आणि शेपूट नळीत अडकली होती बिचारीची."

"कशी काय अडकली असेल?" लायल म्हणाला.

"कुणास ठाऊक," व्हर्न म्हणाला. "कुत्री काय, कुठंही तोंड घालतात."

आणि गेला. त्याला कळलं की नाही कळलं, आम्हाला पत्ता लागला नाही. त्याच्या चेहऱ्यावरून कधी काही कळायचं नाही, कळायचं ते कानांवरून, आणि टोपी खाली ओढलेली होती.

त्या शनिवारी पाद्रीबाबा खोक्यावर चढले, पायबसबाई चढल्या. आम्ही पाय आपटले. आणि मग कोण उठावं? कॉलिन. मी हातातली थाळी तशीच धरून उभी राहिले. कॉलिन चढला आणि सांगू लागला. कुत्रीला शोधत तो फर्नच्या झुडपांच्या घळीत उतरला होता, ओढ्याच्या पलीकडे ऊन होतं, आणि उन्हात वाघ उभा. त्यानं मान वळवली, याच्याकडे पाहिलं, आणि सावकाश निघून गेला.

नंतर मी त्याला स्वयंपाकघरात धरलं. "लाज नाही वाटत? पट्टे मी काढले, शेपूट तू धरलीस."

"ती डचेस नव्हती, नॉरीन."

"ताकाला जाऊन भांडं लपवतोस होय रे?"

"मी माझ्या कुत्रीला ओळखत नाही का? त्याची चाल वेगळी होती. आणि नळी नव्हती." त्यानं माझा हात धरला. "आईशपथ सांगतो."

मी त्याच्या हातात भांडी घासायला दिली. दुसरं काय करणार?

मग आला शेवटचा शनिवार. सोमवारी सामान हलणार होतं. मी वॉलबीचे वडे तळले, कुस्करलेले बटाटे केले, डल्सीला आवडतं म्हणून जर्दाळूचं पुडिंग केलं. ती बाकावर, निळा स्वेटर घालून, शेजारी एका माणसाची जागा मोकळी सोडून. कुणी तिथं बसायला गेलं की काठी आडवी टाकायची. सगळ्यांना माहीत होतं ती कशाची वाट बघतेय. व्हर्न दाराशी. जेवणं झाली, ग्लास भरले, आणि व्हर्ननं टोपी काढली. काढून खोक्याकडे चालत आला आणि वर चढला.

 डल्सीनं काठी बाजूला घेतली. लायल मला कोपरानं ढोसत होता आणि सगळ्यांचे पाय आपटायला वर उचललेले. तो काय सांगेल याची कुणाला पर्वा नव्हती. उंट दिसला म्हणाला असता तरी आम्ही फरशी फोडली असती.

"मला दिसलाय," व्हर्न म्हणाला. "लहानपणी. आमच्या घरी."

कुणाचा तरी पाय आपटला. लायल घाईघाईनं म्हणाला, "शेपूट?"

"लोंबत होती," व्हर्न म्हणाला. "मेला होता तो. मेली होती. बापानं वॉलबीसाठी फास लावला होता त्यात सापडली, तर त्यानं ती कुंपणावर टांगली. तेव्हा टांगायचेच."

पायबसबाई हळूच म्हणाल्या, "मेलेला धरत नाहीत हो, व्हर्न."

"धरत नाहीत ते मला माहीत आहे, म्हणून तर कधी सांगितलं नाही. मी शाळेतून आलो तर पिशवी हलत होती. आत दोन पिल्लं. केस नव्हते अजून अंगावर. मी दुधात फडकं भिजवून त्यांच्या तोंडात धरलं. एकानं घेतलं थोडं." त्यानं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "रविवारपर्यंत जगलं ते."

त्याचे कान लालभडक झाले होते.  आणि मग तो बाकाकडे वळला, सगळ्या बाकाकडे, आणि अशा आवाजात बोलला की मला अजून आठवलं की गलबलतं.

"तुम्ही कुणीही वाघ दिसला म्हटलं ना, की मी दुसऱ्या दिवशी तिथं जाऊन बसतो. पुलापाशी. पोस्टाच्या मागं. डल्सीनं सांगितलं तेव्हा मी संडासामागं आठवडाभर बसलो होतो, तिला म्हटलं कुंपण दुरुस्त करतोय. मला एकदाही दिसला नाही. म्हटलं असेल, माझं नशीब. तुम्हाला दिसतोय म्हणजे आहे, एवढं मला पुरत होतं. पण आता मी चाललो. अल्व्हरस्टनला बसून मला कळायचं नाही. तर आज मला कुणीतरी नक्की सांगा. दिसला होता ना?"

आम्हाला वाटत होतं, हा आमचं खरं मानत नाही म्हणून दाराशी उभा राहतो. आणि खोऱ्यात आमचं खरं मानणारा हाच एक होता.

डल्सी काठीवर जोर देऊन उठली. "व्हर्न, गोणी होती ती," ती म्हणाली. "बटाट्याची. तारेवर वाळत घातलेली. मला थंडी वाजत होती रे."

व्हर्न तिच्याकडे बघत राहिला. "गोणी," तो म्हणाला.

मग पाद्रीबाबांनी घसा खाकरला. "पहिल्या दोन वेळा संध्याकाळची उन्हं होती. वॉलबीच्या अंगावर फर्नची सावली पडली की पट्टे दिसतात. आणि परवाचा म्हणाल तर..." ते थांबले. "त्याच्या शेपटीला पितळी तोटी होती. मी म्हटलं, परमेश्वराच्या मनात काय असेल सांगता येत नाही."

पायबसबाई म्हणाल्या, त्यांचा चष्मा त्या महिन्यात दुरुस्तीला गेला होता, आणि त्याच्या आधीच्या वेळी त्यांच्याकडे चष्माच नव्हता. लायल म्हणाला, "माझ्या वडिलांना दिसला होता. मला म्हणजे, त्यांना दिसलेलाच." आणि बारमागं जाऊन पुसलेले ग्लास पुन्हा पुसायला लागला. एकेक जण सांगायचा आणि बाकावरून उठायचा, जणू बाक तापलाय. कुणाचं वासरू, कुणाचा कुत्रा, कुणाचं नुसतंच झुडूप. प्रत्येकाचं झालं की व्हर्न मान हलवायचा आणि म्हणायचा, "बरं." मला वाटत होतं ओरडून सांगावं, पुरे करा, गप्प बसा, एक तरी राहू द्या त्याला. होबार्टचा मेला तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. या खेपेला वाटलं, कारण माझ्या डोळ्यांदेखत एकामागून एक मरत होते, आणि तो मोजत असल्यासारखा ऐकत होता.

शेवटी बाकावर राहिला कॉलिन. पाय घट्ट रोवून, हातात ग्लास, नजर जमिनीवर.

"कॉलिन," मी म्हटलं, "सांग आता."

"सांगितलंय मी," कॉलिन म्हणाला. "घळीत, ओढ्याच्या पलीकडं."

"अरे, तूच ना त्या कुत्रीला..."

"तो वाघ होता."

सगळे त्याच्यावर चिडले. पाद्रीबाबासुद्धा म्हणाले, "कॉलिन, बाळा." तो काही उठेना. व्हर्न खोक्यावरून उतरला, त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. ज्या हातानं त्यानं डचेसचे पट्टे धुतले होते तो हात त्यानं कॉलिनच्या खांद्यावर ठेवला.

"ती जागा दाखवशील का उद्या?" तो म्हणाला.

मला हसू फुटलं असतं, पण त्याचा चेहरा बघून फुटलं नाही.

रविवारी चर्च चुकवून तिघं गेली. डल्सी म्हणाली मीही येणार, तेव्हा व्हर्ननं ट्रकच्या मागं खुर्ची चढवली, घळीच्या काठापर्यंत खुर्ची नेली, आणि मग तिला नेलं उचलून. मी सँडविचं बांधून दिली होती. माझ्या जिवाला दिवसभर चैन नव्हती. रश्श्यात चार वेळा मीठ घातलं आणि चार वेळा तोंडात घालून थुंकलं.

दुपारी उशिरा ट्रक वळसा घालून आला. मी दाराशीच उभी होते. पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीनं, डल्सी मधे, व्हर्नच्या कोटात. तिचं नाक गारठ्यानं लाल झालं होतं आणि ती त्याच्या अंगावर रेलली होती.

"दिसला?" मी विचारलं.

"छे," डल्सी म्हणाली. "पण बसलो बाई छान. दिवसभर मला टेकू दिलं त्यानं."

"मला नाही दिसला," व्हर्न म्हणाला.

कॉलिन खिडकीतून बाहेर बघत होता. "मला दिसला," तो म्हणाला. "तुम्ही सँडविच खात होता तेव्हा."

मी तोंड उघडलं होतं त्याला काय वाटेल ते बोलायला. पण व्हर्न त्याच्याकडे वळला होता, डल्सीच्या डोक्यावरून वाकून, दोन्ही कान पुढे काढून.

"कुठल्या बाजूला गेला?" त्यानं विचारलं.